पहिलीच्या आधीची तीन वर्षं

जूनमध्ये पहिलीच्या वर्गात येणारं मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. त्याआधीची तीन वर्षं कशी गेली, यावर पुढचं बरंच काही ठरतं. तरीही 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने हमी दिली ती सहा ते चौदा वयोगटाला. त्याखालच्या मुलांची सोय सरकारच्या इच्छेवर सोडली. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षं पायाभूत टप्पा मानली, हे मोठं पाऊल आहे. पण कायदा मात्र तिथेच थांबला आहे आणि आम्हाला ही तफावत गंभीर वाटते.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945पासून बोर्डीत, पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात बालशिक्षण नेलं. पानं, बिया, शंख-शिंपले हीच त्यांची साधनं. 1975मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. आहार, लसीकरण, नोंदी आणि शिकवणं, सगळा भार मात्र एकाच सेविकेवर पडला, तोही मानधनावर.

म्हणून या अंकात आम्ही धोरणाकडे सेविकेच्या बाजूने पाहिलं आहे. चार वर्षांच्या मुलाला अक्षरं गिरवायला लावणाऱ्या खासगी बालवाड्यांचीही चर्चा केली आहे.

तुमच्या गावातली अंगणवाडी कशी चालते? पालक, सेविका, शिक्षक, सर्वांनी आम्हाला जरूर लिहा.