भोक पाडण्याआधी खडूने खूण करा

मोताळ्याकडून राजूर घाट चढून बुलढाण्याला येताना टर्बो गाडीचा खरा कस लागतो. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की टर्बो इंजिनात हवा कोंबतो. त्या हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की इंजिन ठोकायला लागतं, आणि तसंच दामटलं तर पिस्टनवर बेततं. म्हणून गाडी रीमॅप करणारे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणारे लोक, धुराच्या पाइपवर वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवून हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा आकडा डोळ्यांसमोर ठेवतात. ते योग्यच आहे. माझी विनंती एवढीच, की सेन्सर कुठे बसणार हे तुम्ही ठरवा, वेल्डरच्या सोयीवर सोडू नका.

हे अनुभवाने सांगतोय. माझ्या गाडीला एका गॅरेजात सेन्सर पाइपच्या खालच्या अंगाला लावला गेला, कारण गाडीखाली निजून हात तिथेच पोचत होता. थंडीचे दिवस होते. सकाळी गाडी चालू केली की सायलेन्सरमधून पाणी ठिबकतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. तेच पाणी पाइपच्या तळाशी साचतं. आणि सेन्सरमधला चिनी मातीसारखा तुकडा चालू असताना ७५० अंशांच्या वर तापलेला असतो. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर काय होतं ते घरात कोणालाही विचारा. माझा सेन्सर महिनाभरात तडकला.

म्हणून पहिला नियम: पाइप आडवा कापला तर तो घड्याळाच्या तबकडीसारखा दिसेल. सेन्सर १० आणि २ या आकड्यांच्या मधे, वरच्या अंगालाच हवा. पाइप उभा खाली उतरत असेल, तर सेन्सरचं टोक खाली आणि वायर वर, असा निदान १० अंशांचा उतार ठेवा.

दुसरा नियम: टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डवर कधीही नको. तिथला धूर ९०० अंशांच्या पलीकडे जाऊ शकतो, त्यात सेन्सर फार टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे तिथे दाब असतो, आणि दाबाखाली हा सेन्सर फुगवून सांगतो. पेट्रोल थोडं जास्त असेल तर तो खूप जास्त दाखवतो. ट्यूनर त्या आकड्यावर विश्वास ठेवून पेट्रोल कमी करतो, आणि घाटात इंजिन उपाशी राहतं. आकडा नसता तर निदान सावध तरी राहिला असतात.

तेव्हा जागा टर्बोच्या पुढे, टर्बोतून निघणाऱ्या डाउनपाइपवर, टर्बोच्या तोंडापासून साधारण दोन ते तीन फुटांवर आणि कॅटकॉनच्या, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, आधी. कॅटकॉननंतर धुराची घडणच बदललेली असते. सायलेन्सरच्या शेपटात लावला तर मागून बाहेरची हवा आत शिरते. इंजिनपासून सेन्सरपर्यंत गॅस्केट फुटकं किंवा जोड सैल असेल, तरी तेच होतं: हवा ओढली जाते, मीटर पेट्रोल कमी असल्याचं दाखवतं आणि आपण नसलेल्या रोगावर औषध देत बसतो. आधी लीक बंद करा, मग सेन्सर.

आता नव्या गाडीवाल्यांसाठी. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले, आणि बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांत कॅटकॉन थेट टर्बोला चिकटूनच असतो. मधे दोन फूट सोडा, वीतभर जागा नसते. तिथे कॅटकॉन काढून पाइप टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते कायद्यात बसत नाही आणि पीयूसीलाही अडू शकतं. कंपनीने त्या जागी स्वतःचा सेन्सर आधीच दिलेला असतो, पुष्कळदा वाइडबँडच. स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावा आणि त्याचाच आकडा वाचा. तो वाइडबँड असला तर पाइपला भोक पाडायची गरजच उरत नाही.

आकडा वाचताना लॅम्डा बघा, म्हणजे लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे ते. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे जुनं गणित निव्वळ पेट्रोलचं आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याला हाच आकडा साडेतेराच्या आसपास येतो. नेमक्या मिश्रणाचा लॅम्डा मात्र कुठल्याही इंधनाला १ म्हणजे १च.

वेल्डिंगला जाताना तीन गोष्टी सांगा. पाइप गाडीवरून उतरवूनच भोक पाडायचं. सेन्सर बसवायचा नट १८ मिलिमीटरचा, आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर, आणि वेल्ड करताना सेन्सर त्यात नको. नंतर सिलिकॉनचा सीलंट जवळपास लावायचा नाही, त्याच्या वाफेने सेन्सर खराब होतो. आणि मीटरची वायर काढून सेन्सर तसाच पाइपमध्ये ठेवून गाडी चालवू नका; गरम न झालेल्या सेन्सरवर काजळी बसते आणि तो निकामी होतो.

गॅरेजात गेलात की खिशात खडू असू द्या. गाडी उचलून घ्या, पाइपवर स्वतः खूण करा, मग ड्रिल चालू द्या. आणि घाटात आकडा शेजारी बसलेल्याला वाचायला सांगा. तुमची नजर वळणावर हवी.