दीडशे मर्सिडीज आणि एक ऑक्टाव्हिया

दीडशे मर्सिडीजची गोष्ट या आठवड्यात पुन्हा मोबाइलवरून फिरू लागली आहे. आपल्या शहरात कुणी पहिली वेगवान गाडी घ्यायला निघाला की ही गोष्ट निघतेच, आणि दरवेळी त्याच जागी संपते. ऑक्टोबर 2010, शहरातल्या दीडशे जणांनी मिळून एका दिवसात घेतलेल्या दीडशे गाड्या, 65 कोटींची खरेदी, स्टेट बँकेचे सात टक्क्यांचे कर्ज आणि देशभर झालेले नाव. स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएससारखी टर्बो गाडी घेऊ पाहणाऱ्या तरुणाला ही गोष्ट हुरूप यावा म्हणून सांगतात: आपले लोक असेच धाडसी, तूही घे. या सांगण्याचा मला राग येतो, कारण 2010 मध्ये जे झाले ते धाडस नव्हतेच. तो चोख हिशेब होता, आणि नेमका तो हिशेब आज पहिली गाडी घेणाऱ्याला कुणी शिकवत नाही.

65 कोटींना दीडशेने भागले तर गाडीमागे सरासरी 43 लाख पडतात. एवढे पैसे घेऊन कुणी एकटा शोरूममध्ये गेला असता तर त्याला चहा मिळाला असता आणि छापील दरपत्रक. दीडशे जण एक आकडा घेऊन बोलले, म्हणून कंपनीला आणि बँकेला समोर बसून बोलावे लागले. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच ‘द हिंदू’त विचारले होते की मर्सिडीजला सात टक्के, मग याच मराठवाड्यात ट्रॅक्टरला त्याहून कितीतरी जास्त व्याज का? तो सवाल आजही तितकाच टोचतो. पण त्यातूनही हेच दिसते की ट्रॅक्टरवाला बँकेत एकटा जातो. आता आजचा ग्राहक पाहा. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी ऑक्टाव्हिया आरएस आली, सगळ्या देशासाठी मिळून फक्त 100 गाड्या, 265 पीएस ताकद, शोरूमची किंमत 49 लाख 99 हजार. नोंदणी उघडताच गाड्या संपल्या. तिथे घासाघीस कसली? वर महाराष्ट्रात 20 लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के रोड टॅक्स, म्हणजे आणखी साडेसहा लाख, आणि विमा वेगळा. ज्याला हे झेपत नाही तो 2017 ची आरएस 230 शोधतो. ती नवी होती तेव्हा 24 लाख 62 हजारांची होती; आज सेकंडहँड बाजारात ती साध्या एसयूव्हीच्या पैशांत मिळते, म्हणून पहिल्यांदा घेणारा तिच्याकडेच वळतो. दोघेही ग्राहक एकटे. किंमत ठरवताना एकटे आणि पुढची दहा वर्षे गाडी सांभाळतानाही एकटे. माझ्या मते मोठा फरक या दुसऱ्या एकटेपणात आहे.

कारण टर्बो गाडीचा खरा खर्च उष्णतेचा असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचे पाते फिरते, मिनिटाला लाखाहून अधिक फेरे, आणि तो धूर 900 अंशांच्या आसपास तापलेला असतो. एवढ्या वेगाने फिरणारा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ते ऑइल जुने झाले, हलक्या प्रतीचे टाकले किंवा कमी पडले तर पहिला बळी टर्बोचा जातो. आरएस 230 च्या दोन लिटर इंजिनात साडेपाच लिटरच्या वर ऑइल लागते आणि तेही कंपनीने ठरवून दिलेल्या प्रतीचेच. तिच्या सहा गिअरच्या डीएसजी या आपोआप गिअर बदलणाऱ्या पेटीचे ऑइल दर 60 हजार किलोमीटरला बदलायचे असते. सेकंडहँड गाडीच्या कागदांत ही नोंद नसेल तर ते काम झालेच नाही असे धरून चालावे. या इंजिनाचे थर्मोस्टॅटचे घर प्लास्टिकचे आहे. तापून-निवून त्याला गळती लागते आणि गुलाबी कूलंट हळूहळू उतरते. मग कुणीतरी बोअरचे पाणी ओतून पातळी भरून काढतो. आपल्याकडच्या बोअरचे पाणी बादलीला पांढरा थर धरते, तसाच थर ते रेडिएटरच्या आत धरते. गाडी घेण्याआधी इंजिन गार असताना कूलंटच्या टाकीचे झाकण उघडून रंग पाहावा. फिकट, गढूळ पाणी दिसले तर तो सौदा तिथेच सोडावा. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, 3519 म्हणजे 2019 च्या पस्तिसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी इतका जुना टायर घेऊन मे महिन्यात समृद्धी महामार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर ताशी 120 ने जाणे म्हणजे स्वतःच्या आणि इतरांच्या जिवाशी खेळणे आहे.

यावर हमखास येणारे उत्तर असे की आता साध्या एक लिटरच्या गाडीतही टर्बो असतो, त्याचे एवढे कौतुक कशाला? मुद्दा खरा आहे. आजच्या बहुतेक टर्बो इंजिनांत कूलंट फिरवणारा विजेचा पंप असतो, आणि इंजिन बंद झाल्यावरही तो गरजेप्रमाणे चालत राहतो. त्यामुळे गाडी थांबवून दोन मिनिटे इंजिन चालू ठेवायचा जुना नियम पूर्वीइतका कडक राहिलेला नाही. पण पंप टर्बोला गार करतो, जळके ऑइल तो नवे करत नाही. शिवाय 115 पीएसचे इंजिन आणि 230 पीएसचे इंजिन यांतल्या उष्णतेत फार अंतर आहे. त्यात आधीच्या मालकाने ताकद वाढवण्यासाठी संगणक जोडून इंजिन रिमॅप केले असेल तर हे अंतर आणखी वाढते, आणि विकताना ते बहुधा सांगितले जात नाही. पेट्रोलचेही तसेच. आताच्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलने ऑक्टेन वाढते हे खरे, पण 2017 ची गाडी वीस टक्के इथेनॉल धरून बनवलेली नव्हती. तिच्या इंधनाच्या नळ्या आणि सील वर्षातून एकदा तरी जाणकाराने तपासायला हव्यात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कंपनीचे सर्व्हिस सेंटर असताना ही उठाठेव ग्राहकाने का करायची? याचे उत्तर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्येच दिले आहे. सुटे भाग आणि दोष शोधणारी उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला. त्या यादीत स्कोडा होती, फोक्सवॅगन होती आणि मर्सिडीजही होती. प्रकरण पुढे अपिलात गेले, तरी आयोगाने दाखवलेले दुखणे आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. वॉरंटी संपली की मालकापुढे दोनच वाटा उरतात, एक तर कंपनीचे बिल मुकाट भरणे, नाही तर स्कॅनरशिवाय अंदाजाने पार्ट बदलणाऱ्याकडे गाडी सोपवणे. आणि हे शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत गाड्या जोडणाऱ्या आपल्या शहरात व्हावे याचे मला फार वाईट वाटते. 2001 मध्ये ऑक्टाव्हिया भारतात आली ती इथेच जोडली जाऊन; ऑडीच्या गाड्याही इथेच जोडल्या गेल्या. या शहराने गाड्या जोडणारे हात हजारोंनी तयार केले, पण बिघाड ओळखणारे डोळे तयार करण्याकडे दुर्लक्ष केले. आयटीआयमध्ये टर्बो आणि डीएसजी उघडून शिकवणारा छोटा अभ्यासक्रम सुरू झाला तर तो पहिल्या वर्षापासून शिकणाऱ्यांच्या पोटापाण्याच्या कामी येईल, असे मला ठामपणे वाटते.

तोवर पहिली टर्बो घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. हौस जरूर करा. ताकदवान इंजिन समृद्धीवर ट्रक ओलांडताना देते ती खात्री खरी आहे, तिचा आनंद घेण्यात काहीही वावगे नाही. पण दीडशे जणांनी जे शोरूमच्या दारात केले, ते तुम्ही गॅरेजच्या दारात करा. एकाच इंजिनाच्या गाड्या असलेले पाच-सात मालक एकत्र या. मिळून एक चांगला स्कॅनर घ्या, एक मेकॅनिक निवडा, त्याला प्रशिक्षणाला पाठवा, ऑइल आणि टायर एकगठ्ठा मागवा आणि प्रत्येक गाडीच्या कामाची तारीख व किलोमीटर वहीत लिहून ठेवा. हे पाच-सात जण सापडत नसतील तर गाडी घेणे एक वर्ष पुढे ढकला, आणि ठरलेल्या किमतीच्या दहा टक्के रक्कम देखभालीसाठी आधीच बँकेत बाजूला काढून ठेवा. ही रक्कम बाजूला निघत नसेल तर ती गाडी आज तुमच्या आवाक्यात नाही, मग हप्ता कितीही सोपा दिसो.