मिठावरची जकात

आगरदांड्याच्या किनाऱ्यावरून राजपुरीच्या खाडीकडे पाहताना, शिवछत्रपतींनी वारंवार झुंज देऊनही सिद्दीकडेच राहिलेल्या जंजिऱ्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु या किनाऱ्याच्या रणसंग्रामांइतकाच त्याच्या जकातीचा इतिहासही आम्हांस मोलाचा वाटतो. तो समकालीन फ्रान्सशी ताडून पाहावा. १६६७ साली तेथे चौदाव्या लुईच्या अनियंत्रित राजसत्तेचा अर्थमंत्री कोल्बेर याने स्वदेशी कारखानदारीच्या रक्षणार्थ परकीय, विशेषतः डच, मालावर जबर जकात बसविली. आणि इकडे १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस फर्माविले की, पोर्तुगीज अमलातील बारदेशचे मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतात, सबब ते संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडेल इतकी जकात त्यावर घ्यावी. राज्याचे बळ खजिन्यात आणि खजिन्याचे बळ मुलखातील उद्यमात, ही दृष्टी दोहोंकडे सारखीच. पण फ्रान्समध्ये ‘गाबेल’ या करामुळे मीठ हेच गरीब प्रजेच्या पिळवणुकीचे साधन झाले होते, तर येथे मीठ पिकविणाऱ्याचीच चिंता वाहिलेली आढळते. हा भेद आमच्या पाठ्यपुस्तकांत यावयास हवा, आणि कोकणच्या लहानमोठ्या बंदरांची जी जकात-दप्तरे उरली असतील ती तरुण संशोधकांनी सत्वर हाती घ्यावीत, अशी आमची कळकळीची विनंती आहे.