लिहून ठेवणें आणि हाक मारणें

पूर्वीं आपल्या खेड्यांत रात्रीं जागल्या गस्त घालीत असे. त्यानें चोर पाहिला, चोर आल्याची वेळ वहींत टिपून ठेविली, आणि कोणासही न उठवितां तो आपल्या वाटेनें निघून गेला, असें कोणीं सांगितलें तर गोरेगांवचें लहान पोरही हसेल. परंतु शाळाशाळांतून मुलांचे निकाल, हजेरी व दाखले सांभाळणाऱ्या सर्व्हर नांवाच्या यंत्रास आपण नेमकी हीच चाकरी लावून दिली आहे.

सर्व्हर मुका नसतो. पंखा मंदावला, उष्णता वाढली, मेमरींत चूक झाली, डिस्कचा एखादा भाग वाचतां येईना, कीं तारीख-वेळेसह नोंद होते. विंडोजमध्यें 'डिस्क' या नांवाखालीं 7 क्रमांकाची नोंद दिसली तर डिस्कवर खराब भाग सांपडला असें समजावें. शिवाय पुष्कळ सर्व्हरांत एक लहानशी चिप 1998 सालीं ठरलेल्या आयपीएमआय नियमांप्रमाणें आपली निराळी वही लिहीत असते. हिचीं पानें मोजकीं. कांहीं यंत्रांत तीं भरलीं कीं पुढील नोंद होतच नाहीं.

एका शाळेंतील हकीकत मला जवळून ठाऊक आहे. तेथें सर्व मजकूर एकाच वेळीं दोन डिस्कांवर लिहिला जाई. पहिली डिस्क बंद पडली. दुसरीनें काम चालू ठेविलें, म्हणून कोणास कांहींच कळलें नाहीं. दुसरी गेली ती निकालाच्या आदल्या आठवड्यांत. मग वही उघडून पाहतों, तों पहिलीची तक्रार कित्येक आठवडे रोज लिहिलेली! ती वाचण्याचें काम कोणाकडेच नव्हतें, आणि त्या 'कोणा'मध्यें मीही होतों. उत्तरपत्रिकांवरून गुण पुन्हां भरण्यांत तीन रात्री गेल्या. ज्या मुलांचे दाखले अडले त्यांच्या पालकांपुढें उभें राहणें त्याहून जड गेलें.

उपाय खर्चाचा नाहीं. विंडोजच्या ईव्हेंट व्ह्यूअरमध्यें विवक्षित नोंदीस काम जोडतां येतें. नोंद पडतांच तें काम चालतें व ई-मेल धाडतें. लिनक्सवर 'स्मार्टडी' डिस्कची प्रकृति पाहतो. मात्र जें यंत्र सर्वस्वीं बंद पडलें तें हाक कशी मारणार? त्याची विचारपूस दुसऱ्या यंत्रानें करावी.

कोणी म्हणतील, सर्वच नोंदी धाडाव्यात. मला हें मान्य नाहीं. रोज चाळीस संदेश आल्यावर एकेचाळिसावा कोण वाचील? डिस्क, मेमरी, पंखा व वीजपुरवठा एवढेंच पुरे. गूगलच्या संशोधकांनीं 2007 सालीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणींत पहिली चूक दिसलेली डिस्क पुढील 60 दिवसांत बंद पडण्याचा संभव, अशी चूक न दिसलेल्या डिस्कच्या 39 पट आढळला. परंतु बंद पडलेल्यांपैकीं अर्ध्याहून अधिक डिस्कांनीं चार प्रमुख लक्षणांपैकीं एकही दाखविलें नव्हतें. तेव्हां सूचना आली नाहीं म्हणून निराळी प्रत ठेवण्याचा आळस करूं नये.

आपल्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळेस 2023 सालीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मान्यता दिली. याच जातीच्या अमेरिकेंतील वेधशाळांत 17 ऑगस्ट 2017 रोजीं दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर आली. नेमका तेव्हांच लिव्हिंग्स्टनच्या नोंदींत खडखडाट शिरला, आणि स्वयंचलित पद्धतीनें ती नोंद बाजूस टाकिली. हॅनफर्डहून आलेली सूचना पाहून माणसांनीं ती पुन्हां तपासली, तेव्हां लहर तेथेंही स्पष्ट दिसली.

यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायांत रणशिंग न फुंकल्याचा जाब पहारेकऱ्याकडून मागितला आहे, सबंध नगराकडून नव्हे. म्हणून सूचना 'कार्यालया'स न जातां एका नेमलेल्या शिक्षकाच्या फोनवर, व तो रजेवर असल्यास दुसऱ्याच्या फोनवर जावी. महिन्यांतून एकदां मुद्दाम खोटी नोंद पाडून फोन वाजतो कीं नाहीं तें पाहावें. तें पाहण्याचें काम दहावीच्या दोन विद्यार्थ्यांस देण्यास मी आनंदानें तयार आहें.