घरचें घरीं : गाडीच्या रंगाचा टवका

ज्या घरांत तांब्यापितळेचीं भांडीं नित्याच्या वापरांत असत, त्या घरांत एखाद्या भांड्याची कल्हई उडाली तर तें सांगण्यास कोणी जाणकार लागत नसे. आमटी कळकली कीं सर्वांस कळून येई, आणि कल्हईवाल्याची हांक कधीं ऐकूं येते याकडे गृहिणीचे कान लागत. भांडें डौलदार दिसावें म्हणून कल्हई लावीत नसत. आंबट पदार्थाचा धातूशीं संबंध येऊं नये म्हणून लावीत. हा भेद घरांतील लहानथोरांस न शिकवितां ठाऊक असे. आज त्याच घरांच्या दारांत मोटारगाडी उभी असते. पण तिच्या अंगावरील रंग हीहि एक प्रकारची कल्हईच आहे, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानांत घेत नाहीं. रंग म्हणजे शोभा अशी आपली समजूत, आणि शोभा थोडी उणी झाली तर त्यांत काय मोठेंसें बिघडलें, हा पुढचा विचार. या समजुतीची थोडी छाननी करून, रंगाचा लहानसा टवका उडाला असतां तो घरच्या घरीं कसा भरून काढावा, हें या खेपेस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हा रंग म्हणजे काय तें पाहूं. मोटारी नव्यानें निघाल्या तेव्हां त्यांना कुंच्यानें रोगण देत, आणि एकेक हात वाळवीत वाळवीत एक गाडी पुरी होण्यास कित्येक आठवडे लागत. १९२३ सालीं अमेरिकेंतील ड्यूपाँट कंपनीनें ‘ड्यूको’ नांवाचें, फवाऱ्यानें मारतां येणारें व झटपट वाळणारें रोगण पुढें आणलें आणि या धंद्याची रीतच पालटली. आपल्याकडील गॅरेजांतून गाडीच्या वाटेल त्या रंगास ‘ड्यूको’ म्हणण्याची चाल पडली, तिचें मूळ हें आहे. हल्लींच्या गाडीवर रंगाचा एकच थर नसतो. पोलादी पत्र्यावर पुष्कळदां जस्ताचा मुलामा असतो. त्यावर फॉस्फेटाचा संस्कार करून सबंध सांगाडा हौदांत बुडवितात व विजेच्या योगानें त्यावर अस्तर चढवितात. मग दुसरें अस्तर, नंतर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण. इतके थर म्हटल्यावर जाडी बरीच असेल असें वाटेल; परंतु सर्व मिळून ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून थोडीशीच अधिक, म्हणजे वहीच्या एक-दोन पानांइतकी भरते. पुढील मालमोटारीच्या चाकाखालून उडालेल्या खडीनें या कवचाचा टवका उडाला, तर त्यांत नवल नाहीं.

टवका पत्र्यापर्यंत पोंचला कीं लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु या तिघांची गांठ पडते आणि गंज धरूं लागतो. हा गंज मूळच्या लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. सबब तो टवक्याच्या कडेखालीं शिरून भोंवतालचा चांगला रंग वर उचलतो. रंग उचलला कीं आणखी पत्रा उघडा पडतो, आणि गंज सच्छिद्र असल्यामुळें पाणी धरून ठेवतो. जस्ताचा मुलामा असल्यास जस्त स्वतः झिजून लोखंडास राखतें, परंतु तें कांहीं काळच. रत्नागिरी, अलिबाग, पणजी अथवा मुंबई येथील खाऱ्या हवेंत हें सारें अधिक वेगानें घडतें, कारण क्षार मिसळलेल्या पाण्यांत गंजण्याच्या क्रियेस चालना मिळते. बाहेरून मोहरीएवढा दिसणारा ठिपका आंतून रुपयाएवढा पसरलेला असूं शकतो. काट्याचा नायटा होणें म्हणतात तें हेंच. टवका भरावयाचा तो दिसतो वाईट म्हणून नव्हे, तर आंतील पत्रा वांचावा म्हणून, हें एकदां मनांत पक्कें केलें म्हणजे पुढील सर्व कृतीचा हेतु आपोआप कळेल.

येथें एकत्र कुटुंबांपुरती एक गोष्ट स्पष्ट बोलणें अवश्य वाटतें. जी गाडी थोरले बंधु सकाळीं नेतात, धाकटे दुपारीं, मुलें संध्याकाळीं आणि सूनबाई शाळेच्या वेळीं, त्या गाडीवरचा टवका पाहतात सर्वजण, पण तो आपला असें कोणासच वाटत नाहीं. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी ही चौघांची गाडी बेवारस राहते. मग पुढें कधींतरी दाराच्या तळाशीं पत्रा कुजलेला सांपडला, कीं कोणाच्या हातून काय झालें याची चर्चा सुरू होते. आणि त्या चर्चेंत पत्र्याहून अधिक नाजूक असें कांहीं दुखावलें जातें. यास्तव घरांतील एका माणसाकडे हें काम नांवानिशीं सोंपवावें, आणि टवका कोणाच्या हातून उडाला हा प्रश्न घरांत विचारूंच नये. खडीनें उडालेल्या टवक्यास अपराधी नसतो. पाहणीसाठीं दोन वेळा ठरवून टाकाव्या. एक वैशाखांत, पापड-लोणच्यांची बेगमी चालते तेव्हां. दुसरी खंडेनवमीस, पूजेसाठीं गाडी धुतो तेव्हां. पूजेस उभ्या केलेल्या वाहनाच्या अंगावरील जखमा हळदीकुंकवाखालीं झांकून ठेवण्यापेक्षां त्या भरून काढणें, हीहि पूजाच होय.

आतां रोगाची परीक्षा. गाडी धुऊन, कोरडी करून, उजेडांत तिरप्या नजरेनें पाहावी. बॉनेटची पुढील कड, चाकांमागील भाग, दारांच्या कडा व छताची पुढील पट्टी या टवक्यांच्या नेहमींच्या जागा आहेत. दोष दिसला तेथें नख हळूच फिरवावें. नख अडकलें नाहीं तर तो वरच्या रोगणांतील नुसता चरा आहे. त्यास पॉलिश पुरतें. नख अडकलें व खोलांत करडें अस्तर दिसलें, तर पत्रा अद्याप सुरक्षित आहे. काम सोपें, पण लांबणीवर टाकूं नये. चकचकीत धातु अथवा तांबूस ठिपका दिसला, तर काम त्याच आठवड्यांत हातीं घ्यावें. बंपर बहुधा प्लॅस्टिकचा असतो; तेथें गंजाचें भय नाहीं, सबब तो शेवटीं घेतला तरी चालेल. टवका मसुरीच्या दाण्यापासून फार तर वाटाण्याएवढा असेल तोंवरच घरचा उपाय. रंग फोडासारखा फुगला असेल, पत्र्यास पोचा आला असेल, किंवा दाबल्यावर पत्रा मऊ लागत असेल, तर तें काम निष्णात कारागिराचें आहे. क्षुल्लक टवक्यासाठीं विम्याचा दावा मात्र करूं नये. दावा न केल्यास गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर २० टक्के व सलग पांच वर्षांनंतर ५० टक्के सूट मिळते. ती एका टवक्यापायीं गमावणें शहाणपणाचें नव्हे.

साहित्य थोडें आहे. गाडीच्या रंगाचा सांकेतिक क्रमांक दाराच्या खांबावरील अथवा बॉनेटखालील पट्टीवर छापलेला असतो. तो पाहून त्याच क्रमांकाचा टच-अपचा रंग विक्रेत्याकडून आणवावा. ‘पांढरा’ किंवा ‘लाल’ एवढें सांगून भागत नाहीं. पांढऱ्यांतहि अनेक पांढरे असतात. शिवाय अस्तर, पारदर्शक रोगण, गंजाचें रूपांतर करणारें औषध, आयसोप्रोपिल अल्कोहोल, १००० व २००० नंबरचा वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड, कागदी चिकटपट्टी, दांतकोरण्याच्या काड्या आणि अगदीं बारीक अशी चित्रकलेची कुंचली. बाटलीच्या झांकणास जोडलेली कुंचली अशा कामास फार जाड पडते. तिच्या नादीं लागूं नये.

कृति करावयाची ती कोरड्या हवेच्या दिवशीं, सांवलींत, सकाळचें दंव वाळल्यावर. उन्हानें तापलेल्या पत्र्यावर रंग पसरण्याआधींच सुकतो, आणि दमट हवेंत रोगणावर पांढुरकी झांक येते. म्हणून भर पावसाळ्यांत हें काम काढूं नये. गाडी धुऊन पुसल्यावर टवक्याची जागा अल्कोहोलानें स्वच्छ करावी, कारण मेणाचा किंवा तेलाचा अंश राहिल्यास त्यावर रंग धरत नाहीं. सुटलेल्या कडा काडीच्या टोंकानें हलकेच काढून टाकाव्या. गंज असल्यास वॉटर पेपरचा तुकडा बोथट काडीच्या टोंकास चिकटवून तेवढ्याच जागीं फिरवावा व तांबूसपणा जाईतों खरडावें. या टप्प्यावर घाई केली तर पुढील सारें काम वांया जातें. गंज खालीं ठेवून वरून रंग देणें म्हणजे व्रण आंत ठेवून वरून चंदन लावणें होय. खोल भेगेंत थोडा अंश राहिलाच, तर गंजाच्या औषधाचा थेंब लावून डब्यावर सांगितलेला काळ वाट पाहावी.

मग उघड्या धातूवर अस्तराचा एक पातळ ठिपका काडीनें ठेवावा. तो जखमेच्या आंत राहावा, भोंवतालच्या चांगल्या रंगावर चढूं नये. निदान तासभर वाळल्यावर, बाटली चांगली हालवून रंगाचा पहिला हात द्यावा. हात द्यावा असें म्हटलें, तरी रंग पुसल्यासारखा ओढूं नये. थेंब मध्यभागीं टेकवावा व त्यास आपणहून कडेपर्यंत पसरूं द्यावें. ज्या हातास रांगोळीचे ठिपके सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे काढण्याची संवय आहे, त्या हातास हें काम पहिल्याच दिवशीं साधतें. घरांतील तरबेज हात कोणता हें शोधण्याची ही एक खूण आम्हीं सांगून ठेवितों. रंगांतील द्रव उडून गेला कीं ठिपका खालीं बसतो. म्हणून एक जाड थेंब देण्यापेक्षां मध्यें अर्धा-पाऊण तास जाऊं देऊन दोन-तीन पातळ हात द्यावे. दुसऱ्या दिवशीं त्याच रीतीनें पारदर्शक रोगण द्यावें, तें भोंवतालच्या पातळीहून केसभर उंच राहील इतकें.

यानंतर निदान एक आठवडा त्या जागेस हात लावूं नये. वरून वाळलेला रंग आंतून ओला असतो. आठवड्यानें उंचवटा खटकत असेल तर भोंवतीं चिकटपट्टी लावून, २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यांत भिजवून, अगदीं हलक्या हातानें तेवढाच उंचवटा उतरवावा व रबिंग कंपाउंडानें चकाकी आणावी. कारखान्याचें पारदर्शक रोगण मुळांतच पातळ असतें. तें घासून गेलें तर एका टवक्याऐवजीं हातभर डाग पदरीं येतो. म्हणून ज्यास हात आवरतां येत नाहीं त्यानें हा भाग सोडून द्यावा. थोडा उंचवटा राहिला तरी पत्रा राखला गेला आहे.

चंदेरी किंवा मोत्यासारखी झांक असलेल्या रंगाविषयीं एक सूचना. अशा रंगांत ॲल्युमिनियमचे अथवा अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे असतात. कारखान्यांत फवाऱ्यानें रंग मारतांना ते एका रीतीनें बसतात, काडीनें दिल्यावर दुसऱ्या. त्यामुळें तोच क्रमांक असूनहि ठिपका किंचित् गडद किंवा फिका दिसतो. तीन हातांवरून दिसूं नये एवढीच अपेक्षा ठेवावी; अधिकाच्या हव्यासानें पुन्हा पुन्हा घासूं नये.

घरोघरीं चालणाऱ्या कांहीं उपायांचाहि निकाल येथेंच लावूं. दंतमंजनाची पेस्ट ही बारीक घासणारी वस्तु आहे. तिनें चरा पुसट होईल, टवका भरणार नाहीं. नखांचें पारदर्शक पॉलिश प्रवासांत दोन-चार दिवस पाणी अडवील. कायमचें काम देणार नाहीं. घासलेटानें पुसलेली गाडी चकाकते खरी, पण मागें राहिलेला तेलकट पापुद्रा नवा रंग धरूं देत नाहीं. आणि रोज सकाळीं धुळीनें भरलेली गाडी कोरड्या फडक्यानें पुसणें हें तर वरच्या रोगणाचें नुकसानच होय. ती धूळ म्हणजे बारीक वाळू असते. आधीं पाणी, मग फडकें.

सावधगिरीचे दोन शब्द. रंग व थिनर यांची वाफ पेट घेणारी असते. जवळ निरांजन, उदबत्ती अथवा शेगडी नसावी, आणि काम उघड्यावर करावें. मुलें, गरोदर स्त्रिया व दम्याचे रोगी यांना दूर ठेवावें. दोन डब्यांतील द्रव्यें मिसळून तयार होणारें रोगण घरीं वापरूंच नये. त्यांत आयसोसायनेट जातीचीं द्रव्यें असतात व त्यांच्यापासून श्वासास अपाय होतो. तें कारागिरानें योग्य मुखवटा लावून मारावयाचें असतें.

या सर्व खटाटोपास प्रत्यक्ष हातचें काम पाहिलें तर तासाभराचें. बाकी सारें वाट पाहणें आहे. आपल्या सुशिक्षित घरांत वाहनाविषयींचें ज्ञान पुष्कळदां तें चालविण्यापाशीं थांबतें, आणि बाकी सर्व दुसऱ्याच्या हातीं सोंपविण्यांत प्रतिष्ठा मानली जाते. ज्या वस्तूवर सबंध कुटुंबाची मिळकत खर्चीं पडली, तिची लहानशी जखम घरांतील माणसानें स्वतः भरावी यांत कमीपणा कसला? तेव्हां येत्या रविवारीं गाडी धुवावी, तिच्याभोंवतीं एक प्रदक्षिणा घालावी व कोठें टवका उडाला आहे तें पाहावें. सांपडल्यास तो भरण्याचें काम कोणाकडे, तें त्याच दिवशीं ठरवून मोकळें व्हावें.