महामार्ग, अरण्य आणि भाषा

रस्त्यांचा विकास आणि जैवविविधतेचे रक्षण यांत 'समतोल' साधला पाहिजे, हे विधान आज इतक्या सहजतेने केले जाते की, तराजूच्या दोन पारड्यांत नेमके काय घातले आहे याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

नागपूर–सिवनी मार्गाचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. पेंचच्या अरण्यातून जाणाऱ्या या राष्ट्रीय महामार्गाच्या (पूर्वीचा क्रमांक ७, आताचा ४४) चौपदरीकरणाचा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला होता. अखेरीस महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेऊन त्याखालून वन्य प्राण्यांना वाट ठेवण्यात आली. या वाटांची रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत आहे. काँक्रीटच्या छताखालून वाघ जाईल काय, ही शंका त्या वेळी अनाठायी नव्हती. परंतु २०१९ साली भारतीय वन्यजीव संस्थेने तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांनी अठरा वन्य जातींची ये-जा टिपली आणि तीत अकरा निरनिराळे वाघ होते. उपाय योग्य जागी व पुरेशा रुंदीचा असेल तर तो लागू पडतो, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

बांदीपूरच्या अरण्यात निराळा मार्ग पत्करला गेला. तेथील महामार्गांवर रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंतची वाहतूक २००९ साली बंद झाली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती बंदी कायम केली. पेंचला जागा वाटून दिली, बांदीपूरला वेळ. यांपैकी दुसरी रीत आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. वारली पाड्यांच्या सीमेवरील वाघोबाची ठाणी, अकोले–जुन्नरकडची वाघबारस, दिवेलागणीनंतर रानात न जाण्याचा संकेत, या सर्वांमागे रान आपल्या एकट्याचे नाही हीच समजूत दिसते. अर्थात त्या संकेतांना चौपदरी रहदारीशी सामना करावा लागला नव्हता, हेही मान्य केले पाहिजे.

मात्र उपाय 'योग्य जागी' हवा, आणि जागेचे ज्ञान केवळ कॅमेऱ्यात नसते. पाणवठा, चाटण, ओहळ, माग असे शब्द ज्यांच्या नित्य बोलण्यात आहेत, त्यांच्यापाशीही ते असते. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील दीर्घ सेवेत अशा शब्दांचा संग्रह रानात राहणाऱ्यांकडूनच केला. त्या संग्रहाकडे ललित लेखनाचे भांडार म्हणून पाहिले गेले. रस्ता आखणाऱ्याने पाहावा असा पुरावा म्हणून नव्हे.

याचे एक कारण कायद्याच्या भाषेत आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणीय परिणामांचा मूळ अहवाल इंग्रजीत चालतो. जनसुनावणीपूर्वी स्थानिक भाषेत द्यावा लागतो तो त्याचा गोषवारा. त्यातही 'रेषीय पायाभूत सुविधा' किंवा 'शमन-संरचना' असे शब्द आले, तर ऐकणाऱ्याने काय समजावे? 'शमन' म्हटल्यावर ग्रामस्थाला पित्तशमन आठवावे यात नवल नाही. जो प्रस्ताव कळतच नाही त्याला हरकत कशी घ्यावयाची? ही अधिसूचना बदलण्याचा मसुदा २०२० मध्ये इंग्रजी व हिंदीत निघाला. तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला, तेव्हा केंद्र शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. भाषांतराला एवढा विरोध सहसा साहित्यातही होत नाही! गोंडी तर त्या अनुसूचीतच नाही.

भारतीय भाषांच्या विभागांनी या बाबतीत तटस्थ राहण्याचे कारण नाही. अशा अहवालांतील निदान वन्यजीवविषयक प्रकरण सुनावणीपूर्वी पूर्णपणे त्या त्या भाषेत यावे, असा आग्रह त्यांनी धरला पाहिजे. आणि त्याची परिभाषा ठरविताना कोशापूर्वी त्या परिसरातील गुराखी, मोहफुले वेचणाऱ्या स्त्रिया आणि वनमजूर यांना विचारावे.