हरित सेनेच्या हाती वही द्या

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक वसाहत देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली. निर्देशांक होता ९३.६९. तिच्या सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने, म्हणजे किनाऱ्यावरच्या मच्छीमार समाजाने. मोठ्यांनी लढा दिला. मुलांचे काय?

शाळांसाठी राष्ट्रीय हरित सेना २००१-०२ पासून आहे. पण रोप लावले, फोटो काढला, की अनेकदा तिचे वर्ष संपते. तारापूरच्याच जिल्ह्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली होती. शाळाच रानात गेली! तो वारसा असताना पर्यावरण हा विषय गुणपत्रिकेत अडकून पडावा, हे पटत नाही.

तारापूर वसाहतीलगतच्या बोईसरच्या हरित सेनेतल्या नववीच्या मुलामुलींनी शाळेच्या विहिरीचे पाणी दर आठवड्याला तपासावे. पीएच पट्टी बुडवायची, उमटलेला रंग डबीवरच्या तक्त्याशी ताडून पाहायचा, आकडा तारखेसह वहीत लिहायचा. जोडीला वीजमीटर आणि पाऊस. गटप्रमुख मुलांनीच निवडावा, शिक्षकांनी फक्त पाठीशी राहावे. रासायनिक नाल्याकडे मात्र कोणाही मुलाला पाठवू नये. ती तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाचीच जबाबदारी आहे.

ही वही कपाटात जाता कामा नये. सरपंचांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत या विद्यार्थ्यांना दहा मिनिटे द्यावीत आणि त्यांच्या नोंदी इतिवृत्तात घ्याव्यात.